जिव्हाळा निर्माण करण्याबाबत

विभागप्रमुखांच्या टेबलावर चहाचे दोन कप आधीच येऊन बसले होते. दोन कप दिसले की काहीतरी नवं काम गळ्यात पडणार, हे साऱ्या विभागाला पाठ होतं. बाई खुर्चीत टेकल्या आणि त्यांनी मुकाट्यानं एक कप उचलला.

"तुमच्या कोर्सचं असं झालंय," विभागप्रमुख म्हणाले, "सुरुवातीला गच्च भरतो आणि परीक्षेपर्यंत निम्मी माणसं गळतात. बरोबर ना?"

"बरोबर."

"का गळत असतील?"

"एकटी पडतात," बाई म्हणाल्या. हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं.

"तेच म्हणतोय मी." त्यांनी एक छापील कागद पुढं सरकवला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'ऑनलाइन विद्यार्थ्यांमध्ये जिव्हाळा निर्माण करण्याबाबत'. खाली सूचना होत्या. विद्यार्थी ज्या समाजमाध्यमांवर आधीपासून आहेत, तिथंच त्यांचा गट करावा. सूर प्रसन्न ठेवावा. शिक्षकाने स्वतःबद्दल थोडं मोकळेपणानं सांगावं. आपण कुणाचे तरी आहोत, असं प्रत्येकाला वाटलं पाहिजे.

"पोर्टलवरचा तो चर्चाफलक म्हणजे नुसतं स्मशान झालंय," विभागप्रमुख म्हणाले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. "म्हणजे... मला तसं म्हणायचं नव्हतं."

"चालेल," बाई म्हणाल्या. "करते मी गट."

बाईंचा नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. तो घरातच पडला आणि गेला, एवढंच कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. बाई शिकवायच्या कामाच्या जागची सुरक्षा. कारखान्यात, दुकानात, दवाखान्यात राबणाऱ्या माणसांनी हातपाय शाबूत ठेवून घरी कसं जावं, याचा वर्षभराचा कोर्स. पूर्वी तो संध्याकाळी वर्गात चालायचा, आता बाई एका रिकाम्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बोलत आणि माणसं आपापल्या सोयीनं ते फोनवर बघत. 'सुरक्षा शिकवणाऱ्या बाईंच्याच घरी असं व्हावं' हे वाक्य त्यांनी एकदा स्टाफरूमच्या कपाटाआडून ऐकलं होतं. ऐकून त्यांना वाईट वाटलं नाही, रागही आला नाही. वाक्य बरोबर आहे, एवढंच वाटलं, आणि त्या तास घ्यायला गेल्या.

लोक म्हणत, बाई फार धीराच्या. शेजारीण म्हणे, रडून घ्या हो एकदा, मोकळं वाटेल. बाईंचा धीराशी काही संबंध नव्हता. शिंक येता येता अडकते, तसं त्यांचं रडू कुठंतरी अडकलं होतं. पहिले काही दिवस त्यांनी वाट पाहिली, मग तेही सोडून दिलं. सकाळी उठायचं, डबा भरायचा, बस पकडायची. भाजीत मीठ पडलंय की नाही हे त्यांना कळत नसे. सासूबाईंनाही कळत नसावं, कारण त्याही मुकाट्यानं जेवत.

सासूबाई आणि बाई, दोघीच उरल्या होत्या त्या घरात. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर. एकमेकींशी बोलणं म्हणजे कामापुरतं. दूध आलंय. गोळी घेतलीत का? दार ओढून घे. भांडण म्हणाल तर अजिबात नव्हतं. भांडायलासुद्धा अंगात थोडी धग लागते, ती दोघींकडंही नव्हती.

बाईंनी गट केला, तो त्या छापील कागदाबरहुकूम. पहिल्या दिवशी प्रसन्न सुरात स्वागत केलं, शेवटी हसरा चेहरा टाकला. स्वतःबद्दल मोकळेपणानं सांगायचं होतं, म्हणून लिहिलं, 'मला पहाटे फिरायला आवडतं.' त्या आयुष्यात कधी पहाटे फिरायला गेल्या नव्हत्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी आपल्या डोक्यानं केली. कामाच्या जागी जिथं धोका दिसेल तिथला फोटो गटावर टाकायचा, असं काम त्यांना विद्यार्थ्यांना द्यायचं होतं. खऱ्या नावानं फोटो टाकले तर मालक नोकरीवरून काढतील, ही भीती उघड होती. म्हणून त्यांनी सांगितलं, प्रत्येकानं टोपणनाव घ्या, कुठं काम करता ते लिहू नका.

आठवडाभर गट गप्पगार होता. मग एका गोदामातल्या कारकुनानं पहिला फोटो टाकला. त्यानं नावही 'गोदाम' असंच घेतलं होतं. फोटोत एक दार होतं, दारावर 'आणीबाणीचा मार्ग' अशी पाटी, दारासमोर लोखंडी कपाट आणि कपाटासमोर भली मोठी कुंडी. खाली लिहिलं होतं, 'आणीबाणी आलीच तर आधी कुंडी हलवायची, मग कपाट. कुंडी साहेबांची आहे, तिला धक्का लागता कामा नये.'

बाईंनी बसमध्ये उभ्या उभ्या उत्तर दिलं, 'कुंडी आणि कपाट दोन्ही आजच हलवा. साहेबांना लेखी कळवा. कुंडी खिडकीपाशी ठेवल्यास तिलाही ऊन मिळेल.'

त्यावर गटावर हास्याचा पाऊस पडला. बाई फार खमंग बोलतात, असं कुणीतरी लिहिलं. बाईंना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळेना. दाराशी कुंडीला खरंच ऊन मिळत नव्हतं.

पण त्या दिवसापासून गटाला तोंड फुटलं. एका बेकरीत भट्टी सांभाळणारी एक जण होती, तिनं नाव घेतलं होतं 'भट्टीवाली'. तिनं निसरड्या फरशीचा फोटो टाकला, आणि फरशीवर कुणी घसरू नये म्हणून अंथरलेल्या पोत्याचाही. त्या पोत्यातच पाय अडकून आदल्या दिवशी दोघं पडले होते. दवाखान्याच्या चादरी धुणाऱ्या धुलाईकेंद्रात एक मुलगी कामाला होती, ती 'इस्त्री'. लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण होता, तो साधा 'लिफ्टवाला'. लिफ्टवाल्याला लिहायचा कंटाळा, तो आपला आवाज पाठवायचा. बाईंचा विजेवरचा धडा कुणाला समजला नाही, तेव्हा त्यानं कुठल्यातरी जिन्यात बसून तो इतका फोड करून सांगितला की मागून कुणाच्या तरी टाळ्याही ऐकू आल्या. 'साइटवरची पोरं ऐकत बसलीत,' तो म्हणाला. 'त्यांचीपण फी घ्या.'

बाईंचा एकच नेम होता. कुणाचाही निरोप उत्तरावाचून ठेवायचा नाही. कागदावरच्या सूचनांत हे नव्हतं. बाईंना बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, कपडे वाळत घालून झाल्यावर करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून त्या उत्तरं देत. कुणी विचारलं, हातमोजे किती दिवसांनी बदलायचे, त्याला उत्तर. कुणी लिहिलं, आज पोराला ताप आहे, धडा बघितला नाही, त्यालाही उत्तर. हळूहळू बाईंच्या आधीच दुसरं कुणीतरी उत्तर देऊ लागलं. भट्टीवालीच्या मनगटावर चटका बसला तेव्हा इस्त्रीनं तिला गार पाण्याखाली हात धरून बसायला लावलं आणि 'अजून धरलाय ना' म्हणून विचारत राहिली. दोन दिवस गोदामचा पत्ता नव्हता, तर निम्मा गट त्याच्या नावानं हाका मारत होता. तो सासुरवाडीला गेला होता, तिथं फोनला रेंज नव्हती. 'आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी वाट बघितली,' त्यानं परत आल्यावर लिहिलं. 'सासूनंसुद्धा बघितली नव्हती.'

बाई हे सगळं वाचत. दुसऱ्याच्या घरच्या लग्नाचा व्हिडिओ बघावा तसं. सगळे छान दिसतायत, सगळे आनंदात आहेत, आणि आपण त्यातल्या कुणालाच ओळखत नाही.

एका रविवारी दुपारी बाई स्वयंपाकघरात दुधी चिरत बसल्या होत्या. फोन वाजला. गोदामनं फोटो टाकला होता. टेबलावर स्टूल, स्टुलावर त्याचा एक सहकारी, हात वर करून छताची ट्यूब काढतोय. खाली ओळ होती, 'सर्कस आली हो सर्कस. तिकीट नाही, फुकट बघा.' त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लागली होती.

बाईंनी हात पुसले आणि नेहमीसारखं उत्तर लिहिलं.

'असं चढू नये. माझे मिस्टर घरी टेबलावर स्टूल ठेवून चढले होते. पडले आणि गेले. तुमच्या सहकाऱ्याला आधी खाली उतरवा.'

पाठवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की एक मुद्दा राहिला. त्यांनी तोही लिहिला, 'मेन स्विच बंद केलाय का, तेही पाहा.' मग फोन बाजूला ठेवला आणि दुधीची उरलेली फोड चिरायला घेतली.

थोड्या वेळानं बघितलं, तर हसरे चेहरे एकेक करून नाहीसे होत होते. ज्यानं त्यानं आपापला काढून घेतला होता. मग जोडलेले हात येऊ लागले. एकाखाली एक, जोडलेले हात. बाईंनी ते पूर्वी खूप पाहिले होते, नवरा गेला तेव्हा फोन अशाच हातांनी भरून गेला होता.

गोदामनं लिहिलं, 'उतरवला, बाई. फोटो आत्ताचाच होता. स्विच चालूच होता. उतरवला.' आणि मग, 'मला माफ करा. मला ठाऊक नव्हतं.'

'तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं,' बाईंनी लिहिलं.

मग इस्त्रीचा निरोप आला.

'बाई, एक विचारू का? स्टूल तीन पायांचं होतं की चार?'

भट्टीवालीनं लगेच तिला झापलं, 'अगं ए, काय विचारतेस? जनाची नाही तर मनाची तरी ठेव.'

बाई त्या प्रश्नाकडं बघत राहिल्या. नवरा गेल्यावर घरात किती माणसं येऊन गेली. सगळ्यांनी विचारलं होतं, कसं झालं हो असं, आणि उत्तराला कुणी थांबलं नव्हतं. पोलीस आले, त्यांनी घरात वादावादी होती का एवढं विचारून कागद भरला. स्टुलाबद्दल कुणीच कधी विचारलं नव्हतं.

'विचारू दे तिला,' बाईंनी लिहिलं. 'चार पायांचं. लोखंडी. एका पायाचं रबर झिजून गेलं होतं.'

'आणि टेबल?'

'लाकडी. वर सनमायका. गुळगुळीत.'

'म्हणजे ज्या पायाला रबर नव्हतं तो सरकला,' लिफ्टवाल्यानं लिहिलं. या वेळी त्यानं आवाज पाठवला नाही.

'तसंच असणार.'

'पायात काय होतं त्यांच्या?'

'मोजे.'

'खोलीत उजेड?'

'होता. दुपार होती.'

'स्टूल धरायला कुणी होतं का, बाई?' हे भट्टीवालीनं विचारलं. तिचा राग गेला होता.

'नाही. मी कॉलेजात होते.'

अपघाताची चौकशी कशी करायची, हा बाईंनी शिकवलेलाच धडा होता. काय घडलं ते विचारा, कशावर घडलं ते विचारा, घाई करू नका, हळहळ बाजूला ठेवा, आणि दोष कुणाचा हे शोधत बसू नका. वर्गात हा धडा त्या दरवर्षी कुठल्यातरी कल्पित कारखान्याचं उदाहरण घेऊन शिकवत. आता त्यांचे विद्यार्थी तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारत होते, आणि मध्ये कुणी 'अरेरे' लिहीत नव्हतं. बाई उत्तरं देत होत्या. एकेक उत्तर दिलं की पुढचं आपोआप आठवे. डोकं कशावर आपटलं. आवाज कुणी ऐकला. शेजारी किती वेळानं आले.

शेवटी लिफ्टवाल्यानं विचारलं, 'बाई, एकच राहिलं. ते चढले कशासाठी होते?'

बाईंनी लिहायला सुरुवात केली, 'पंखा पुसायला,' आणि थांबल्या. पंखा पुसायला, हे त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. पण कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

'माहीत नाही,' त्यांनी लिहिलं. 'विचारून सांगते.'

सासूबाई आतल्या खोलीत धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बाई दारात उभ्या राहिल्या.

"आई, तो त्या दिवशी वर कशासाठी चढला होता?"

सासूबाईंनी हातातला टॉवेल मांडीवर ठेवला. "आत्ता विचारतेस?"

"हो."

"तुला ठाऊक आहे की."

"नाही. मला ठाऊक नाही."

सासूबाईंनी सुनेकडं नीट पाहिलं. पुष्कळ दिवसांनी पाहिलं. "पंखा कुरकुरत होता," त्या म्हणाल्या. "माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. सकाळी त्याला सांगितलं, दुपारी परत सांगितलं. तो म्हणाला, संध्याकाळी माणूस बोलावतो. मीच म्हटलं, एवढ्याशा कामाला माणूस कशाला हवा."

बाई दारातून आत आल्या.

"त्यानं तुला फोन केला होता ना, चढायच्या आधी? मी ऐकला इथून."

"केला होता. स्क्रू ड्रायव्हर कुठं ठेवलाय, एवढंच विचारलं त्यानं. मी सांगितलं, कपाटाच्या खालच्या खणात. कशाला हवाय ते मी विचारलं नाही. रेकॉर्डिंग चालू व्हायचं होतं माझं."

सासूबाईंनी टॉवेल उचलला, परत खाली ठेवला. "म्हणजे त्यानं सांगितलं नव्हतं तुला, मी मागं लागले होते ते?"

"नाही."

"मग वर्षभर तू माझ्याशी बोलत का नव्हतीस?"

"मी कुणाशीच बोलत नव्हते, आई."

"मला वाटलं, तू मनात धरून बसलीयस. वाटलं, एक दिवस बोलून दाखवशील. मी वाट बघत होते, कधी एकदाची बोलतेस म्हणून."

"माझ्या मनात काहीच नव्हतं," बाई म्हणाल्या. ते खरं होतं, आणि ऐकायला बरं नव्हतं, हेही त्यांना कळलं.

सासूबाईंनी टॉवेलची घडी घातली, ती वाकडी झाली, म्हणून मोडून पुन्हा घातली. बाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि ढिगातली एक चादर ओढून घेतली. चादर एकटीला घडी घालायला मोठी होती. सासूबाईंनी दुसरी दोन टोकं धरली. दोघींनी ती झटकली, दुमडली, पुढं येऊन टोकाला टोक जुळवलं.

"चहा टाकू?" बाईंनी विचारलं.

"टाक. आलं घाल थोडं."

चहा उकळेपर्यंत बाईंनी गटावर लिहिलं, 'पंख्याचा आवाज येत होता. तो थांबवायला.' चौकशीच्या नियमाप्रमाणं यावर आणखी एक 'का' विचारायचा असतो. आवाज येत होता तर माणूस का बोलावला नाही. बाई त्या प्रश्नाची वाट बघत होत्या. तो कुणी विचारला नाही.

'समजलं,' इस्त्रीनं लिहिलं.

लिफ्टवाल्यानं विचारलं, 'पंखा आता कसा आहे?'

'बंद आहे. तेव्हापासून लावला नाही.'

'एवढ्या उकाड्यात?'

'हो.'

'मी येतो रविवारी. शिडी माझ्याकडं आहे. शिडी धरायला कोण येणार?'

'मी,' इस्त्रीनं लिहिलं.

पुढच्या रविवारी दारावरची बेल वाजली तेव्हा बाई जरा गोंधळल्याच. लिफ्टवाल्याचा आवाज एवढा भारदस्त, की त्यांनी उंचापुरा माणूस धरून ठेवला होता. दारात स्वतःच्या दुप्पट लांब शिडी खांद्यावर घेऊन एक बुटका, टक्कल पडलेला गृहस्थ उभा होता. त्याच्यामागं इस्त्री. तिचे हात कोपरापर्यंत पांढरेफटक होते, धुलाईच्या पाण्यानं.

"बाई, तुम्ही फोटोपेक्षा लहान दिसता," लिफ्टवाला म्हणाला.

"आणि तुम्ही आवाजापेक्षा," बाई म्हणाल्या. तो मनापासून हसला.

त्यानं आधी खोली बघितली. पलंग सरकवला, शिडी उघडली, ती डुगडुगत नाही ना ते दोनदा हलवून पाहिलं. पायांत रबरी तळव्याचे बूट होते. इस्त्रीनं शिडीला खालून पाय लावला आणि दोन्ही हातांनी धरलं, धड्यातल्या चित्रात दाखवलंय अगदी तसं. सासूबाई दाराशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. तो एकेक पायरी वर चढू लागला तशा त्या म्हणाल्या, "सावकाश रे बाबा. काही घाई नाही आम्हाला."

"काळजी करू नका, आजी. मला घरी बायको आहे. तिची भीती मला जास्त."

वर जाऊन त्यानं पंख्याची छताजवळची कटोरी खाली घेतली, आत बघितलं. "एक स्क्रू ढिला आहे फक्त," तो म्हणाला. "एकच."

सासूबाईंनी मान खाली घातली. आता तरी रडू येईल म्हणून बाई थांबून राहिल्या. काहीच झालं नाही. त्या स्क्रूकडं बघत होत्या आणि तो स्क्रूच होता. इस्त्रीनं शिडीवरचा हात न काढता मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं, मग परत समोर बघू लागली.

त्यानं स्क्रू आवळला, कटोरी बसवली, खाली उतरला, आणि मगच बटण लावलं. पंखा फिरू लागला. पात्यांवरची वर्षभराची धूळ खोलीभर उडाली, चौघंही खोकत बाहेरच्या खोलीत आली. इस्त्रीनं कुणी न सांगता झाडू हातात घेतला. चहा झाला. लिफ्टवाला आणि सासूबाई गुडघेदुखीवर बराच वेळ बोलत होते. जाताना इस्त्री म्हणाली, "बाई, मी दोनदा कोर्स सोडणार होते. एकदा तर पोर्टलवरून नावही काढलं होतं."

"मग?"

"तुमचं उत्तर आलं होतं. हातमोज्यांबद्दल."

बाईंना ते उत्तर आठवेना. "नियमानं दिलं असेल," त्या म्हणाल्या.

"असेल," इस्त्री म्हणाली. "पण आलं होतं."

परीक्षेला त्या वर्षी बरीच माणसं टिकली. विभागप्रमुख खूश झाले. इतर शिक्षकांना मार्गदर्शन करा म्हणून त्यांनी बाईंना सभागृहात उभं केलं. त्याआधी एकदा केबिनमध्ये बोलावून चाचरत म्हणाले होते, "बाई, ते सूचनांमध्ये होतं ना, शिक्षकाने स्वतःबद्दल थोडं सांगावं... 'थोडं' असं म्हटलं होतं."

"हो," बाई म्हणाल्या होत्या. "ते जास्त झालं."

सभागृहात पडद्यावर गटाचा आलेख होता. कोणत्या दिवशी किती निरोप आले, त्याची रेघ. ती बरेच दिवस सपाट होती, मग थोडी थोडी वर चढली होती, आणि एका रविवारी पार आभाळाला टेकली होती. एका तरुण प्राध्यापकानं हात वर केला.

"मॅडम, या दिवशी तुम्ही नेमकं काय केलंत?"

"एका अपघाताची चौकशी केली," बाई म्हणाल्या.

"उत्तम. असा उपक्रम दर महिन्याला घेता येईल का?"

बाईंनी विचार करून पाहिला. "येईल," त्या म्हणाल्या. "अपघात मिळाला तर."

सभागृह हसलं. विभागप्रमुख हसले नाहीत, त्यांनी पुढचं चित्र लावायला सांगितलं.

घरी आल्यावर बाईंनी चपला काढल्या आणि फोन पाहिला. निकाल लागला होता, भट्टीवाली एका विषयात राहिली होती. तिनं गटावर लिहिलं होतं, 'जाऊ दे, माझ्या डोक्यात पावच शिरतात.' त्यावर गोदामनं फर्मान काढलं होतं, रविवारी सगळ्यांनी बेकरीच्या मागच्या खोलीत जमायचं, तिच्याकडून तो विषय घोकून घ्यायचा. लिफ्टवाला विजेचा भाग घेणार होता, इस्त्री रसायनांचा. वेळ ठरली होती, कुणी काय आणायचं तेही ठरलं होतं. कोर्स संपला होता, तरी गट चालूच होता. बाईंनी खालपर्यंत वाचलं. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, आणि उत्तर द्यावं असं एकही वाक्य त्यात नव्हतं. पहिल्यांदाच त्यांनी काही न लिहिता फोन ठेवून दिला.

सासूबाई बाहेरच्या खोलीत शेंगा सोलत होत्या.

"कुणाचं होतं?"

"मुलांचं."

"काय म्हणतायत?"

"रविवारी अभ्यासाला बसणार आहेत. बेकरीत."

"तुला बोलावलंय?"

"नाही."

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "रविवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचंय. मला एकटीला पाट्या वाचता येत नाहीत. तू चल."

"चला," बाई म्हणाल्या, आणि खाली बसून त्यांनी शेंगांचं सूप आपल्याकडं ओढलं.